बारा जागा, चार विभाग

बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरला विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. तिथून धनकवडीच्या भारती विद्यापीठाचं आवार दुचाकीवर काही मिनिटांच्या अंतरावर. समजा, एकाच गल्लीत वाढलेले आणि एकाच मंडळाकडून कबड्डी खेळलेले दोन मित्र बारावीनंतर या दोन ठिकाणी शिकायला गेले. दोघांची चढाई सारखी, पकड सारखी, सराव एकाच मैदानावर. तरी देशपातळीवरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचायची दोघांची वाट वेगळी आहे.

विश्वकर्मा स्वायत्त असलं, तरी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. या विद्यापीठाने क्रीडास्पर्धांसाठी चार विभाग केले आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक. म्हणजे पहिल्या मित्राला आधी कॉलेजच्या संघात यावं लागतं. मग पुणे शहर विभागाच्या ‘इंटर-कॉलेज’मध्ये नजरेत भरावं लागतं, मग विभागाच्या संघात जागा मिळवावी लागते. पुढे ‘इंटर-झोनल’ला चमकला, तर विद्यापीठाचा संघ आणि त्यानंतर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. दुसरा मित्र मात्र १९९६ पासून अभिमत विद्यापीठ असलेल्या संस्थेत आहे. तिथे संस्थेच्या स्वतःच्या महाविद्यालयांमधून निवड झाली, की तो थेट पश्चिम विभागात उतरतो. पहिल्याला पार कराव्या लागणाऱ्या मधल्या दोन पायऱ्या दुसऱ्याच्या वाटेत नाहीतच.

यात कुणी कुणावर अन्याय केलेला नाही. पण संघांची वाटणी कशी होते, याचं एक शास्त्र आहे, आणि ते खेळाडूंच्या आयुष्यात खोलवर शिरतं. आपल्याकडे त्याचा पुरेसा विचार होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात, सात मैदानात आणि पाच राखीव. एखाद्या विभागात ८० कॉलेजांनी संघ उतरवले असं धरू. म्हणजे ९६० खेळाडू, आणि विभागाच्या संघात जागा बारा. सरासरी संधी ८० मध्ये एक. शेजारच्या विभागात २५ संघ असतील, तर तिथे संधी २५ मध्ये एक. हे आकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत, पण नियम पक्का आहे: खेळ कोणताही असो, सरासरी संधी म्हणजे एक भागिले विभागातल्या संघांची संख्या. पुणे जिल्ह्यात किती कॉलेजं दाटली आहेत ते पाहिलं, की याचं वजन कळतं. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात सर्वाधिक कॉलेजं असलेल्या जिल्ह्यांमध्ये बंगळूर शहर, जयपूर आणि हैदराबादनंतर पुण्याचा नंबर लागला. पुण्याचा आकडा होता ४७५.

यावर नेहमीचं उत्तर असं, की मोठ्या विभागात गुणवत्ताही जास्त असते, तेव्हा चुरस जास्त असणारच. हे किती खरं आहे, ते संख्याशास्त्र नेमकं सांगतं. उंचीचं उदाहरण घेऊ. पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर आणि प्रमाण विचलन ६ सेंटिमीटर आहे असं हिशेबापुरतं धरलं, तर २५ जणांच्या गटातला सर्वांत उंच माणूस सरासरीने १७७ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. गट चौपट करून १०० जणांचा केला, तर सर्वांत उंच माणूस भरतो १८० चा. चौपट माणसं जमवून तीन सेंटिमीटर पदरात पडतात. गट आणखी मोठे होत गेले, की हा फायदा आणखी आटतो. अडीच-पावणेतीन कोटींचा गट आणि त्याच्या चौपट गट यांच्यातल्या सर्वांत उंच माणसांमध्ये फरक उरतो जेमतेम दीड सेंटिमीटरचा. उंचीच्या जागी वेग, दम किंवा नजर ठेवा. तेही साधारण अशाच घंटाकृती आलेखात विखुरलेले असतील, तर हिशेब हाच राहतो.

आता खरे आकडे. २०११ च्या जनगणनेत पंजाबची लोकसंख्या २.७७ कोटी होती, महाराष्ट्राची ११.२४ कोटी. चौपट. पण विद्यापीठांच्या क्रीडा कामगिरीसाठी दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने वीसहून अधिक वेळा नेला आहे. भुवनेश्वरला २०२० मध्ये पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. तिथे चंदीगडचं पंजाब विद्यापीठ पहिलं आलं, आपलं पुणे विद्यापीठ दुसरं आणि पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ तिसरं. पुण्याचं दुसरं स्थान अभिमानाचंच आहे. पण लोकसंख्येवर खेळ ठरत असता, तर पहिल्या तिघांत पंजाब-चंदीगड पट्ट्यातली दोन विद्यापीठं दिसली नसती. माणसांची संख्या थोडंच सांगते. बाकीचं जागा, परंपरा आणि रेषा सांगतात.

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल हा या विषयाचा सर्वांत मोठा नमुना म्हणता येईल. त्यांचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन धावण्याचा, पण प्रश्न आपलाच आहे. तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने १९७३ मध्ये सगळ्या संस्थांच्या तीन श्रेणी केल्या आणि १९७८ मध्ये पहिल्या श्रेणीतल्या फुटबॉलचे पुन्हा दोन भाग पाडले. सर्वांत वरच्या स्तरावर २०२४ च्या मोसमात १३४ संघ होते. त्यातले १३ एकट्या टेक्सासचे. न्यूयॉर्क राज्याचे फक्त तीन. २०२० च्या जनगणनेवरून दर कोटी लोकांमागे हिशेब केला, तर टेक्सासला साडेचार संघ पडतात आणि न्यूयॉर्कला दीड. आणि वायोमिंगला? सतरा! तिथे संघ एकच आहे, पण लोकसंख्याच पावणेसहा लाख. दरडोई आकडे काढताना लहान राज्यं अशी टोकाला जातात, हे नकाशा वाचणाऱ्याने कायम लक्षात ठेवावं. अलास्कात तर कॉलेज फुटबॉलचा एकही संघ नाही. उलट मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम १,०७,६०१ प्रेक्षकांचं, आणि ते ज्या अ‍ॅन आर्बर गावात आहे तिथली वस्तीच सव्वा लाखाच्या घरातली.

जागेचा मुद्दा आपल्याकडे तर फारच टोकदार आहे. फुटबॉलचं प्रमाणित मैदान १०५ बाय ६८ मीटरचं, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. फुटबॉलच्या एका मैदानात कबड्डीची जवळजवळ ५५ मैदानं बसतात. बिबवेवाडीसारख्या उपनगरात एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला मार्केट यार्ड आणि मध्ये गावठाण, सोसायट्या, अप्परची दाट वस्ती. इथे सात हजार चौरस मीटरचा सपाट, मोकळा तुकडा मिळणं किती अवघड आहे, हे इथल्या कुठल्याही फिजिकल डायरेक्टरला विचारा. कबड्डीचं मैदान मात्र दोन पोरं तासाभरात आखतात. चार कोपऱ्यांना खिळे, त्यांना ताणून बांधलेली सुतळी, सुतळीवरून चालत जाणाऱ्या मुलाच्या मुठीतून सुटणारी पांढरी फक्की. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही बाजूंना मीटर-मीटरच्या राखीव पट्ट्या. झालं मैदान. ज्या कॉलेजाकडे वाहनतळाएवढीच मोकळी जागा आहे, तेही कबड्डीचा संघ उभा करू शकतं. कबड्डी-खोखोत कॉलेजांची गर्दी आणि फुटबॉलमध्ये मोजकीच नावं, यामागे मुलांच्या आवडीइतकाच या चौरस मीटरांचा हात आहे.

पण मग कोल्हापूर? तिथे तर जागेचा नियम पुरा पडत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालीम मंडळांची. ज्या पेठांनी कुस्ती जोपासली, त्याच पेठांच्या तालमी फुटबॉलचे संघ उतरवतात आणि शाहू स्टेडियमवर हजारो माणसं त्यांच्यासाठी घसा फोडतात. जीवशास्त्रात ‘संस्थापक परिणाम’ नावाची कल्पना आहे. एखाद्या बेटावर आधी पोहोचलेल्या मूठभर जिवांचे गुण पुढच्या सगळ्या पिढ्यांत ठळक राहतात. खेळांचंही तसंच होतं. संस्थानी काळात कोल्हापुरात फुटबॉल रुजला, पेठेपेठेतली ईर्षा त्याला मिळाली आणि मग प्रत्येक पिढीला मोठ्या भावाचे बूट आणि काकाची जर्सी घरातच मिळत गेली. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. राज्यात अनेक शहरं कोल्हापूरहून मोठी आहेत, त्यांच्याकडे माणसं जास्त आहेत. पण ही सुरुवात त्यांच्याकडे नाही.

तिसरी गोष्ट रेषांची. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले बारा जिल्हे त्याच्या कक्षेत होते. कोल्हापूरचा मुलगा आणि जळगावचा मुलगा तेव्हा विद्यापीठाच्या त्याच बारा जागांसाठी झगडत होते. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० मध्ये धुळे-जळगावसाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २००४ मध्ये सोलापूरचं. मुलं तीच, गावं तीच. पण जिथे एक संघ होता, तिथे चार संघ झाले आणि बारा जागांच्या अठ्ठेचाळीस झाल्या. शिवाय अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे दरवाजे वेगळे. विधेयकं मांडताना कबड्डीचा विचार कुणाच्याच मनात नसणार, तरी शेकडो मुलांना विद्यापीठाचा रंग या रेषांमुळेच अंगावर चढवता आला. पश्चिम विभागात मात्र याचा उलटा ताण येतो. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथली विद्यापीठं वाढत जातात, संघ वाढतात आणि बाद फेरीची भाग्यपत्रिका लांबत जाते.

या भाग्यपत्रिकेवर पहिलं नेमकं बोट ठेवलं ते १८८३ मध्ये, ऑक्सफर्डच्या एका गणितज्ञाने. चार्ल्स डॉजसन, म्हणजे ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरल. टेनिसच्या स्पर्धांबद्दल त्याने दाखवून दिलं, की बाद पद्धतीत पहिला क्रमांक योग्य खेळाडूला मिळतो, पण दुसरा मिळेलच असं नाही. ३२ संघ घ्या आणि सरस संघ नेहमीच जिंकतो असं धरा. सर्वोत्तम संघ ज्या अर्ध्यात आहे त्यात उरलेल्या जागा १५, दुसऱ्या अर्ध्यात १६. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणवत्तेचा संघ त्या १६ पैकी एका जागी पडला, तरच तो अंतिम सामन्यात पोहोचतो. म्हणजे शक्यता ३१ मध्ये १६, नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. उरलेल्या वेळी तो आधीच बाहेर जातो, कधी तर पहिल्याच सकाळी. मानांकन दिलं तर हे बरंच सुधारतं, पण मानांकन गेल्या वर्षीच्या निकालावर ठरतं आणि कॉलेजचा संघ दर तीन-चार वर्षांनी पुरता बदलतो.

यावर उपाय बुद्धिबळाने शोधलेला आहे. १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत पहिल्यांदा वापरलेली स्विस पद्धत. त्यात कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेले एकमेकांशी खेळतात आणि ३२ संघांचा वरचा क्रम पाच फेऱ्यांत बराचसा स्पष्ट होतो. पहिल्या सामन्यात बलाढ्य संघाशी गाठ पडून हरलेल्या कॉलेजातला चांगला चढाईपटू निवड समितीला आणखी चार वेळा दिसतो. कबड्डीत हे आजही जमण्यासारखं आहे. फेरीला १६ सामने, पाच फेऱ्यांचे ८०. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधली विश्रांती धरून सामना पाऊण तासाचा. शेजारी-शेजारी चार मैदानं आखली, तर अदलाबदलीचा वेळ धरूनही तीन दिवसांत स्पर्धा संपते, आणि चारही मैदानं मिळून जागा लागते ५२० चौरस मीटर, भोवतीची मोकळी पट्टी वेगळी. खोखोतही थोड्या ओढाताणीने बसवता येईल. फुटबॉलला मात्र एका मैदानावर दिवसाला तीन सामने धरले, तरी ८० सामन्यांना २७ दिवस लागतील. तेवढे दिवस मैदान अडवून ठेवणं कुठल्याही कॉलेजला परवडत नाही. तिथे साखळीचे छोटे गट करून पुढे बाद फेरी खेळवणं, एवढाच मधला मार्ग उरतो.