सरकार जमीन घेते तेव्हा

पैनगंगेच्या एका तीरावर आदिलाबाद जिल्ह्यातील कोराटा, तर दुसऱ्या तीरावर यवतमाळ जिल्ह्यातील चनाखा. या दोन गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंधाऱ्याचा करार महाराष्ट्र आणि तेलंगण या राज्यांमध्ये २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत झाला. नदीचे पाणी कापसाच्या काळ्या रानात खेळावे, ही या भागाची जुनी आकांक्षा आहे. परंतु रानात पाणी यायचे तर आधी कालवा यावा लागतो, आणि कालवा कोणाच्या तरी बांधावरूनच जातो. ज्याच्या शेतातून तो जातो त्याला कायद्याने काय देऊ केले आहे, आणि दिलेले ते हातचे कसे जाते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम एक कटू गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन मागते तेव्हा ‘देत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार सर्वसाधारण मालकाला नाही. संविधानाने आरंभी मालमत्तेचा अधिकार मूलभूत मानला होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या मालिकेतून निघाला. आता उरले आहे ते अनुच्छेद ३००-क. कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. एवढेच म्हटले खरे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात या एका वाक्यातून मालकाचे सात अधिकार उलगडून दाखविले आहेत. त्याला आधी कळविले पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, निर्णय कारणांसह दिला पाहिजे, प्रयोजन सार्वजनिक असले पाहिजे, मोबदला न्याय्य असला पाहिजे, काम रेंगाळता कामा नये, आणि ते रीतसर पूर्ण झाले पाहिजे.

जुन्या करारात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. अहाब राजाने तो मळा फुकट मागितला नव्हता. त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. नाबोथाने वडिलोपार्जित वतन म्हणून नकार दिला, तेव्हा खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करण्यात आला. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. यात सार्वजनिक प्रयोजन शोधूनही सापडायचे नाही. आजचा कायदा नाबोथाला नकाराचे बळ देत नाही. पण अहाबाचे हात मात्र बरेच बांधून ठेवतो.

हा कायदा २०१३ चा असून तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्याने १८९४ चा इंग्रजी अमदानीतील कायदा बाजूस सारला. जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात आणि दोन दैनिकांत यावी लागते, त्यांपैकी एक दैनिक प्रादेशिक भाषेतील हवे. शिवाय ती ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत लागली पाहिजे. ‘स्थानिक भाषेत’ हे शब्द आदिलाबादेत सहज ओलांडून जाण्यासारखे नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारी अनेक गावे मात्र येथेच राहिली. उटनूरच्या बाजूला गोंडी बोलणाऱ्या वस्त्या आहेत. कचेरीचा कागद तेलुगूत येतो, आणि तो वाचून घेण्यासाठी माणूस शोधेपर्यंत दिवस जातात. अधिसूचनेपासून साठ दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यावी लागते. प्रयोजन सार्वजनिक आहे काय, एवढी जमीन खरोखरच लागते काय, हे प्रश्न तेव्हाच विचारायचे असतात. एकसष्टाव्या दिवशी तेच प्रश्न कितीही रास्त असले तरी दुबळे ठरतात. अनुसूचित क्षेत्रात मात्र ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक आहे, आणि तेथील जमीन अगदी अखेरचा उपाय म्हणूनच घ्यावी असे कायदा म्हणतो.

आता किमतीकडे वळू. मुद्रांकासाठी ठरविलेला दर, आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी, यांत जो आकडा मोठा तो बाजारभाव. ग्रामीण भागात त्याला एक ते दोन या दरम्यानच्या गुणकाने गुणतात. त्यात विहीर, झाडे, घर यांची किंमत मिळवतात, आणि जी बेरीज येईल तितकीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात. कचेरीत हिला सोलेशियम म्हणतात. समजा, दोन एकरांचा बाजारभाव आठ लाख आहे. गुणक दीड धरला तर बारा लाख झाले. विहीर आणि झाडे दोन लाखांची, म्हणजे चौदा. दिलासा आणखी चौदा. एकूण अठ्ठावीस लाख. बाजारभावावर दरसाल बारा टक्के मिळतात ते निराळेच.

हिशेब उदार दिसतो. त्याचा पाया मात्र खरेदीखतावर आहे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतात निम्मी किंमत लिहिण्याची जी रीत पडली आहे, तिचे फळ असे मिळते की शेजाऱ्याने वाचविलेले चार पैसे पुढे साऱ्या गावाचा बाजारभाव खाली ओढतात. तसेच कालव्याने शेताचे दोन तुकडे झाले, एका तुकड्यावर बैल न्यायला दूरच्या पुलावरून वळसा पडू लागला, तर त्या तुटीची भरपाई वेगळी मागता येते. ती न मागणारेच पुष्कळ. किंबहुना गेलेली जमीन मोजली जाते, आणि उरलेल्या जमिनीचे झालेले नुकसान कोणी मोजत नाही.

निवाडा झाल्यावरची एक बारीक गोष्ट सर्वांत अधिक घात करते. रक्कम कमी वाटली तर प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करता येतो. निवाड्याच्या वेळी मालक हजर असेल तर त्याला सहा आठवडे मिळतात. नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांत जी मुदत आधी संपेल ती. परंतु ज्याने पैसे घेताना हरकत नोंदविली नाही, त्याला असा अर्ज करता येत नाही. मुलीचे लग्न तोंडावर असते, सावकाराचे व्याज चढत असते. अशा वेळी पावतीवर सही करताना ‘हरकत राखून स्वीकारले’ एवढे शब्द लिहिण्याचे कोणी सुचविले नाही, तर लाखाचा हक्क त्या सहीतच संपतो. पैसे घेणे म्हणजे किंमत मान्य करणे नव्हे. मात्र तसे लिहून ठेवावे लागते.

तेलंगणात याला आणखी एक वाट फुटली आहे. जुलै २०१५ मध्ये राज्याने १२३ क्रमांकाचा आदेश काढून मालकाशी थेट खरेदीचा करार करण्याची पद्धत सुरू केली. पैसा लवकर मिळे. पण त्या शेतावर राबणाऱ्या भूमिहीनांचे पुनर्वसन त्यात हरवले. केंद्रीय कायदा तर तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारा मजूर, कूळ आणि कारागीर यांनाही बाधित कुटुंब मानतो. मेदक जिल्ह्यातील शेतमजूर न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तो आदेश रद्द ठरविला. वाद पुढे खंडपीठापुढे गेला. त्यानंतर विधिमंडळाने केंद्रीय कायद्यालाच राज्यापुरती दुरुस्ती केली, आणि तो २०१७ चा २१ वा अधिनियम झाला. कराराची वाट तिने कायम ठेवली. काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या तपासणीतून सूट देण्याची मुभाही सरकारला दिली. मात्र हा करार राजी असलेल्या मालकाशीच होतो. ज्याने कागदावर सही केली नाही, त्याची जमीन घ्यायची तर सरकारला अधिसूचना, हरकत आणि निवाडा या मूळ रस्त्यानेच जावे लागते.