पुरात भिजलेला संगणक : हमी व दुरुस्ती

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी माढा, मोहोळ तालुक्यांतील गावांत शिरले. अशा पुरात दूध संकलन केंद्राचा संगणक भिजल्यास तो चालू करून पाहू नये. ओल्या भागांत वीज जाताच चांगले भागही जळतात. मेन स्विच बंद करूनच वायर काढावी. उन्हात ठेवल्याने पाणी उडते, पण गाळ व क्षार आतच राहतात.

कंपनीची हमी बहुधा निर्मितीतील दोषापुरतीच असते, पुराला ती लागू होत नाही. विमा असल्यास फोटो काढून त्याच दिवशी कळवावे, साफसफाईची परवानगी घ्यावी व काढलेले भाग पाहणी होईपर्यंत टाकू नयेत.

उत्पादकांच्या फॅटच्या व देण्याच्या नोंदी हार्डडिस्कवर असतात. मदरबोर्ड गेला तरी त्या बहुधा वाचवता येतात. मात्र भिजलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहू नये, जाणकाराकडेच द्यावी.