कारखाना बंद होतो तेव्हा

मालाडहून लोकलने चर्चगेटकडे जाणाऱ्या प्रवाशांना विलेपार्ले स्थानक आल्याची वर्दी अनेक वर्षे बिस्किटांचा खमंग वास देत असे. १९२९ साली स्थापन झालेल्या पार्ले कंपनीच्या या कारखान्यात १९३९ पासून बिस्किटे तयार होऊ लागली. २०१६ च्या मध्यास तेथील उत्पादन थांबले. सुमारे ३०० कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती स्वीकारल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले.

कंपनी बुडाली होती काय? मुळीच नाही. पार्ले-जी हे जगात सर्वाधिक खपणाऱ्या बिस्किटांपैकी एक होते. मग कारखाना का बंद व्हावा? तेथील घटते उत्पादन हे कारण सांगण्यात आले. त्यामागील अर्थकारण समजून घ्यावयास हवे. स्वस्त बिस्किटांच्या व्यवसायात स्पर्धा तीव्र असते. ग्राहक एका रुपयाची वाढही सहज स्वीकारीत नाही. त्यामुळे मैदा, साखर महागली की पुड्याचे वजन घटते आणि जेथे खर्च कमी, तेथे माल तयार होऊ लागतो. अशा वेळी गजबजलेल्या उपनगरातील जुना कारखाना महाग पडतो. म्हणजेच मालाला मागणी असूनही कामगाराचे काम जाऊ शकते.

१९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात भर घालून मोठा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी आवश्यक करण्यात आली. ही अट प्रथम ३०० व पुढे १०० कामगारांच्या कारखान्यांना लागू झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा पुन्हा ३०० केली. स्वेच्छानिवृत्तीत मात्र कामगार स्वतःच राजीनामा देतो, म्हणून ती कामगारकपात ठरत नाही. यास्तव सही करण्यापूर्वी ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी व शिल्लक रजेचे पैसे योजनेच्या रकमेत धरले आहेत की वेगळे मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे.

मालाड पश्चिमेस जुन्या कचराभूमीवर माइंडस्पेस संकुल उभे राहिले व तरुणांना संगणकापुढील कामे मिळाली. परंतु भट्टीपुढे पंचवीस वर्षे घालविलेल्या पन्नाशीतील कामगारास त्या दारातून सहसा प्रवेश नसतो. निवृत्तीची रक्कम घरदुरुस्ती व मुलांच्या विवाहात लवकर संपते. महिन्याचा पगार मात्र परत येत नाही. म्हणून अशा कुटुंबाने रक्कम हाती येताच प्रथम काही वर्षांच्या घरखर्चाची तरतूद बाजूला काढावी आणि मगच इतर खर्चाचा विचार करावा.