कॉम्प्युटर (शब्द)

'कॉम्प्युटर' हा इंग्रजी भाषेतील शब्द आज माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रासाठी वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ मात्र 'गणना करणारी व्यक्ती' असा होता.

व्युत्पत्ती

हा शब्द 'हिशोब करणे' या अर्थाच्या 'कॉम्प्युतारे' या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. इंग्रजीतील त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १६१३ सालची असून ती माणसाविषयी आहे.

अर्थाचा प्रवास

पुढे हे पदनाम झाले. राधानाथ सिकदार १८३१ साली भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात 'कॉम्प्युटर' म्हणून रुजू झाले. एव्हरेस्ट शिखराची उंची ठरवणाऱ्या गणितात त्यांचा मोठा वाटा होता.

विसाव्या शतकाच्या मध्यास हे काम यंत्रे करू लागली आणि नावही यंत्रांकडे गेले. १९४६ साली जाहीर झालेल्या 'एनिॲक' या यंत्राच्या पहिल्या सहा स्त्री-प्रोग्रामर त्याआधी 'कॉम्प्युटर' याच पदावर होत्या. त्यांचे कार्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

मराठी प्रतिशब्द

मराठीत यासाठी 'संगणक' हा शब्द रूढ आहे. त्यातील 'गणक' या संस्कृत शब्दाचा अर्थ हिशोब करणारा मनुष्य किंवा ज्योतिषी असा होतो. म्हणजे याही शब्दाच्या मुळाशी माणूसच आहे.