पाठीचा बाक झाकू नका, वेळेत मोजून घ्या



मागल्या हंगामात वजनकाट्यावर एक सभासद भेटले. म्हणाले, "पोरगी वाकडी चालते. ताठ चाल म्हणून किती ओरडलो, ऐकतच नाही." पोरगी तेरा वर्षांची. पुढे एक्स-रे काढला तेव्हा कळलं, की कणाच एका अंगाला वळलेला. पोरीचा काडीचा दोष नव्हता. ही गोष्ट आमच्या मनाला लागली, म्हणून हे चार शब्द.

या विकाराला स्कोलिओसिस म्हणतात. यात कणा बाजूला वाकतो आणि पिळलाही जातो. बहुतेक मुलांत नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा पोक काढून बसल्याने तो होत नाही. दहा ते पंधरा या वाढीच्या वयात बाक झपाट्याने वाढू शकतो, मुलींत अधिक.

तपासणी घरीच करता येते. मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, किंवा उभे असताना एक खांदा वर दिसला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते एक्स-रेवर कोन मोजतात. बाक साधारण २५ ते ४० अंश असून वाढ शिल्लक असेल, तर पट्टा देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पुरी होईतो ५० अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत ४८ टक्के.

आता व्यायामाचे. जर्मनीच्या कॅथरिना श्रोथ यांची स्वतःची पाठ वाकडी होती. आरशासमोर उभे राहून, दबलेल्या बाजूत श्वास भरून त्यांनी व्यायाम बसवले आणि १९२१ पासून इतरांना शिकवले. अशा व्यायामाने स्नायू बळकट होतात, बसणे-उठणे सुधारते. मात्र बाक ज्या अंगाला, त्याप्रमाणे व्यायाम ठरतो. म्हणून तो फिजिओथेरपिस्टकडून शिकावा व रोज करावा. पट्टा सांगितला असेल तर नुसत्या व्यायामावर भागत नाही. खेळणे, पोहणे सहसा बंद करायचे कारण नाही. कणा दाबून सरळ करून घेण्याच्या फंदात मात्र पडू नये.

लग्नाला अडचण येईल म्हणून पोरीची पाठ झाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत. तोड लांबली की उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको. इथेही तसेच आहे. वाढीची वर्षे निघून गेली, की पट्ट्याचा उपयोग राहत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर पोरांची पाठ एकदा पाहाच.