घरातला भोंगा

‘जेवायला चल’ असे तीनदा सांगूनही चिरंजीवांची मान मोबाइलमधून वर होत नाही, हे दृश्य हल्ली घरोघरचे आहे. एके रात्री संतापाच्या भरात मी आमच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून तो हिसकावला आणि कपाटात बंद केला. मोठा पराक्रम केला असे वाटले. त्यानंतर चार दिवस मुलगा माझ्याशी अवाक्षर बोलला नाही.

तेव्हा सौभाग्यवतींनी मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची हकीकत ऐकवली. करोनाच्या काळात तिथली शाळा मोबाइलवर आली. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले, पण मुलांच्या हातचा मोबाइल काही सुटेना. अखेर २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने एक नेम ठरवला. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद! मग साडेआठच्या भोंग्यापर्यंत अभ्यास, वाचन नाहीतर गप्पा. नेम पाळला जातो की नाही हे पाहायला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरत.

“वा! आपणही त्याला असाच नेम लावू,” मी म्हणालो.

“त्याला?” सौभाग्यवती म्हणाल्या. “अहो, तो भोंगा काही एकट्या मुलांसाठी नव्हता. तुमचा मोबाइल कुठं आहे?”

तो माझ्या हातातच होता!

दुसऱ्या दिवसापासून रात्री ८ वाजता आमच्या देवघरातली घंटा वाजू लागली. घरातले तिन्ही मोबाइल स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्यात जात, आणि माझा सर्वांत आधी. खरे सांगतो, पहिले दोन दिवस मुलापेक्षा माझाच हात अधिक वेळा खिशाकडे गेला. काय बोलावे तेही सुचेना. आम्ही तिघे आपापल्या ताटाकडे पाहत जेवलो.

आठव्या दिवशी वरणभात कालवता कालवता मुलगा हळूच म्हणाला, “बाबा, रागावणार नसाल तर सांगतो. मला अकरावीला सायन्स घ्यायचं नाही.”

रागावण्याइतका वेळ होता. घंटेनंतरचा तास अजून सरायचा होता. पण मी ऐकत राहिलो. ही गोष्ट त्याच्या मनात सहा महिने घोळत होती. मोबाइल हिसकावणाऱ्या बापाला ती त्याने कशी सांगावी?

वाचकहो, आमचा मुलगा अजूनही मोबाइल पाहतो. कधी कधी जास्तच पाहतो. पण रात्री आठला घंटा मात्र आता तोच वाजवतो, आणि माझ्यापुढे डबा धरून उभा राहतो.