गतिनियमांची आकाशातली परीक्षा

१६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ लॅटिन भाषेत प्रसिद्ध झाला आणि त्यात मांडलेले गतीचे तीन नियम कालांतराने जगभरच्या शाळांतील क्रमिक पुस्तकांत स्थिरावले. आपल्याकडील विद्यार्थीही ते मुखोद्गत करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो, गुण पदरात पाडून घेतो आणि बहुधा तिथेच त्या नियमांचा निरोप घेतो. कारण परीक्षेच्या उदाहरणातली वस्तू घर्षणरहित पृष्ठभागावर सरकत असते आणि तसला पृष्ठभाग त्याच्या पाहण्यात कधी येत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने पुठ्ठ्याच्या नळीचा लहानसा अग्निबाण स्वतः बांधला, तो किती उंच जाईल याचा हिशेब उड्डाणापूर्वी कागदावर मांडला आणि आकाशात प्रत्यक्ष जे घडले ते मोजून त्या हिशेबाशी ताडून पाहिले, त्याच्या ठायी हे नियम आयुष्यभर मुक्काम करतात. या विद्येचे सारे मर्म 'आधी हिशेब, मग उड्डाण' या क्रमात आहे, आणि तो क्रम कसा चालतो हे सविस्तर सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

विद्यार्थ्यांच्या अग्निबाणाला आजचे निर्धोक स्वरूप अमेरिकेत मिळाले. नेब्रास्का संस्थानातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे जोड्यांचे एक दुकानदार होते. शोभेच्या दारूकामाचा त्यांना नाद होता, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा. १९५४ साली या बंधुद्वयाने कागदी नळी, लाकडी पंख, बदलता येण्याजोगे दारूचे नळकांडे आणि परतीसाठी हवाई छत्री असा अग्निबाण सिद्ध केला. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला तेव्हा अमेरिकेतील असंख्य मुले धातूच्या नळ्यांत स्वतः रसायने ठासून बाण उडवू लागली होती आणि त्या उद्योगात कित्येकांना दुखापती होत होत्या. व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र-क्षेत्रावर काम केलेले हॅरी स्टाइन हे अशा अपघातांनी व्यथित झालेले गृहस्थ होते. कार्लाइलबंधूंची रचना हाती येताच त्यांनी तिच्या प्रसाराचा पत्कर घेतला, सुरक्षेचे नियम घालून दिले आणि त्याच वर्षी या छंदाची राष्ट्रीय संघटनाही उभी केली. पुढे १९५८ साली व्हर्न एस्टिस यांनी दारूची नळकांडी आपोआप ठासून तयार करणारे यंत्र बनवले आणि एकसारख्या शक्तीचे नळकांडे शाळकरी मुलांच्या आवाक्यात आले. हा एकसारखेपणा केवळ सोयीचा नव्हता. ज्याचा रेटा दर वेळी निराळा त्याचा हिशेब मांडताच येत नाही. विश्वासार्ह नळकांडे मिळाले तेव्हाच हा खेळ शास्त्राच्या पायरीवर चढला.

हे नळकांडे हाती घेऊन पाहण्याजोगे आहे. जाड कागदाची ही नळी १८ मिलिमीटर व्यासाची आणि ७० मिलिमीटर लांबीची असते. खालच्या टोकाला ठासलेल्या मातीत एक अरुंद छिद्र असते. त्याच्या वर शोरा, गंधक आणि कोळसा यांची दाबून घट्ट केलेली बंदुकीची दारू. तिच्यावर सावकाश जळत धूर सोडणारा विलंबाचा थर. आणि सर्वांत वर छत्री बाहेर ढकलणारी चिमूटभर मोकळी दारू. अंगावर 'सी६-५' अशी खूण छापलेली असते. 'सी' हे अक्षर एकंदर आवेगाचे, म्हणजे रेटा आणि काळ यांच्या गुणाकाराचे माप सांगते. या वर्गात तो पाच ते दहा न्यूटन-सेकंद असतो आणि प्रत्येक पुढच्या अक्षरागणिक ही मर्यादा दुप्पट होत जाते. सहाचा आकडा सरासरी रेट्याचा निर्देश करतो आणि पाचाचा आकडा विलंबाचे सेकंद सांगतो. छापील खुणेपेक्षा मोजमापाचा भरवसा अधिक, म्हणून विद्यार्थ्याने चाचणीचे आकडे घ्यावेत: एकूण आवेग सुमारे ८.८ न्यूटन-सेकंद, जळण्याचा काळ १.८६ सेकंद, दारू सुमारे १०.८ ग्रॅम आणि प्रारंभीचा सर्वोच्च रेटा सुमारे १४ न्यूटन.

पेटलेल्या दारूचा वायू छिद्रातून खाली झेपावतो आणि बाण वर उचलला जातो. हा तिसरा नियम. बाण खालच्या हवेला ढकलतो म्हणून वर जातो, हा गैरसमज मात्र चिवट आहे. अमेरिकन संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांनी अग्निबाण चंद्रापर्यंत पोहोचू शकेल असे प्रतिपादन केले तेव्हा १९२० च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखातून त्यांना शालेय ज्ञानाचाही अभाव असल्याचे सुनावले, कारण पोकळीत ढकलायला हवाच नसते असे त्या पत्राचे म्हणणे होते. गोडार्ड यांनी वाद न वाढवता काम चालू ठेवले आणि १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न येथे द्रव इंधनावरचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंदांत ४१ फूट उंच गेला. अपोलो ११ ने चंद्राकडे प्रस्थान ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक कबूल केली. पण गोडार्ड १९४५ सालीच निवर्तले होते. क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा व्यवहार बाण आणि त्याचाच वायू यांच्यामध्ये पुरा होतो, तिसऱ्या पक्षाची त्यात गरज नसते, ही गोष्ट ज्याला उमजली त्याला तिसरा नियम खऱ्या अर्थाने उमजला.

आता हिशेबाकडे वळू. समजा, नळकांड्यासह आपल्या बाणाचे वस्तुमान १०० ग्रॅम आणि नळीचा व्यास ३४ मिलिमीटर आहे. चौथऱ्यावर असताना त्याचे वजन सुमारे ०.९८ न्यूटन भरते. रेटा १४ न्यूटनांच्या शिखरावर पोहोचतो त्या क्षणी वजन वजा जाता १३ न्यूटन निव्वळ बल उरते, आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याला ०.१ किलोग्रॅमने भागले की प्रवेग येतो दर सेकंदास दर सेकंदी १३० मीटर, म्हणजे गुरुत्वप्रवेगाच्या तेरापट! हे शिखर फार अल्पकाळ टिकते. पुढे रेटा साडेचार न्यूटनांच्या आसपास स्थिरावतो. प्रारंभीच्या या जोराचे प्रयोजन आहे. चौथऱ्यावरची सुमारे मीटरभर लांबीची मार्गदर्शक सळई सुटेपर्यंत बाणाने सेकंदाला बारा मीटरांच्या घरात वेग गाठलेला असला पाहिजे, कारण त्याहून मंद बाणाच्या पंखांना हवेची पकड पुरेशी मिळत नाही.

दारू संपताना वेग किती असेल? येथे दुसऱ्या नियमाचे संवेगाचे रूप कामी येते. बाण जळता जळता हलका होत जातो. १०० ग्रॅमचा ८९ ग्रॅम होतो. बदलत्या वस्तुमानाचा काटेकोर हिशेब त्सिओलकोव्हस्की या रशियन शिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणाने होतो, परंतु इतक्या लहान फरकासाठी सरासरी ९४.६ ग्रॅम घेतले तरी उत्तर तेच येते. ८.८ ला ०.०९४६ ने भागले की सेकंदाला ९३ मीटर. यातून १.८६ सेकंदांत गुरुत्वाकर्षणाने हिरावलेले १८ मीटर वजा केले की शिल्लक राहतात ७५. दारू संपेपर्यंत बाण अदमासे ७० मीटर चढलेला असतो, आणि ७५ चा वर्ग १९.६ ने भागून आलेले २८७ मीटर तो पुढे केवळ आपल्या वेगावर चढेल. एकूण अंदाज झाला साडेतीनशे मीटरांहून काहीसा अधिक.

हा अंदाज साफ फसतो, आणि शिक्षणाचा मोलाचा भाग इथूनच सुरू होतो. पहिला नियम सांगतो की बाह्य बल नसेल तर वस्तूची गती जशीच्या तशी राहील. तेव्हा दारू संपल्यावरही बाण वर का जातो याचे उत्तर त्या नियमात आहे आणि तो अखेर का थांबतो याचेही. गुरुत्वाकर्षण आपण जमेस धरले होते, हवेचा अवरोध धरला नव्हता. हा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला ६५ मीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या बाणावर तो सुमारे १.४ न्यूटन, म्हणजे बाणाच्या तत्कालीन वजनाच्या दीडपटीहून अधिक असतो. दर दशांश सेकंदाला बलांची बेरीज करून वेग आणि उंची यांचे कोष्टक लिहीत गेले (आणि हे काम शाळकरी मुलगा वही-पेन्सिलीने करू शकतो) म्हणजे उंची येते जवळपास दोनशे मीटर. आणि दारू संपल्यापासून शिखर गाठायला पावणेपाच सेकंद लागतात. खुणेतला पाच सेकंदांचा विलंब या बाणाला योग्य का, हे आता आपोआप कळते: वेग शून्याजवळ असताना छत्री उघडली तर दोऱ्या तुटत नाहीत. तीस सेंटिमीटर व्यासाची छत्री त्याला सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने खाली आणते.

परंतु बाण सरळ गेला तरच या साऱ्याला अर्थ. त्यासाठी दोन बिंदूंची जागा पाहावी लागते: गुरुत्वमध्य, ज्याभोवती बाण हवेत वळतो, आणि दाबमध्य, जिथे हवेच्या आडव्या दाबाची एकवट झाली असे धरता येते. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे, किमान नळीच्या व्यासाइतक्या अंतरावर असला पाहिजे; मग बाण जरा तिरका झाला की शेपटाकडचा दाबच त्याला पुन्हा मार्गावर आणतो. दिवाळीतल्या बाणाला लांब काडी बांधलेली असते तिचे कारण हेच. काडी मोडलेला बाण अंगणभर सैरावैरा धावतो. दाबमध्याचे गणित जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली विद्यार्थ्यांना वापरता येईल अशा सुटसुटीत सूत्रांत मांडले, तरी त्याची पडताळणी दोरीने होते. नळकांडे आणि छत्री आत बसवून बाण दोरीच्या फासावर तोलावा, तो आडवा स्थिर राहील त्या जागी फास चिकटपट्टीने पक्का करावा आणि मोकळ्या जागी दोन-तीन मीटर दोरीवर तो डोक्याभोवती फिरवावा. स्थिर बाण दोन-चार हेलकावे खाऊन टोक पुढे करून धावू लागतो. अस्थिर असला तर शेपूट पुढे करतो किंवा गिरक्या घेत राहतो. मग टोकात थोडी चिकणमाती भरावी किंवा पंख मोठे करावेत, आणि पुन्हा फिरवून पाहावे. जोराच्या वाऱ्यात मात्र हेच पंख बाणाला वारा येतो त्या दिशेकडे कलते करतात आणि उंची घटते. म्हणून शांत सकाळ निवडावी.

उंची मोजण्यासही महागडे उपकरण लागत नाही. कोनमापकाच्या मध्यबिंदूला ओळंबा बांधून त्याच्या सरळ कडेतून बाणाकडे पाहणारा विद्यार्थी चौथऱ्यापासून १०० मीटरांवर उभा करावा. शिखराचा उन्नतकोन ६३ अंश आला, तर त्याची स्पर्शज्या १.९६, अर्थात उंची १९६ मीटर, अधिक निरीक्षकाच्या डोळ्याची उंची. कोष्टकाने दोनशे सांगितले आणि आकाशाने १९६, हे पाहणाऱ्या मुलाला जो आनंद होतो तो उत्तराच्या पानावरचे उत्तर जुळल्याच्या आनंदाहून निराळ्या जातीचा असतो. आणि समजा, उत्तर १५० आले, तर पंखाची कडा घासायची राहिली, बाण कलला की अवरोधाचा गुणक चुकीचा धरला, याचा शोध घेणे हेच तर संशोधन.

आपल्या देशाचा अवकाशप्रवासही लहान बाणांनीच सुरू झाला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून अमेरिकेने दिलेला नायकी-अपाची हा बाण सुटला, आणि १९६७ च्या नोव्हेंबरात पहिला स्वदेशी रोहिणी बाण उडाला. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या कागदी नळीच्या दुपटीहून किंचित अधिक होता. त्याच वर्षी थुंब्यात रुजू झालेल्या डॉ. वसंत गोवारीकरांनी घन इंधनाच्या स्वदेशी निर्मितीचा पाया घातला, आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद भूषवले, ही महाराष्ट्राने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी गोष्ट आहे.

एक इशारा येथे कर्तव्य म्हणून देतो. १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली परवान्यावाचून स्फोटक द्रव्य बनवणे हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी फटाक्यांची दारू काढून नळीत ठासणे हा हात आणि डोळे गमावण्याचा मार्ग आहे. नियम शिकण्यासाठी दारूच हवी असे मुळीच नाही. सोड्याची प्लास्टिकची बाटली एक-तृतीयांश पाण्याने भरावी, सायकलच्या पंपाने तीत हवा दाबावी आणि डोळ्यांवर चष्मे चढवून बाटली अडवून धरणारी खिटी दूरवरून दोरीने ओढावी. चार वातावरणांइतक्या जादा दाबाने पाणी सेकंदाला सुमारे २८ मीटर वेगाने बाहेर पडते. दारूच्या वायूचा सरासरी वेग ८०० मीटरांहून अधिक असतो, पण पाण्याचे वस्तुमान जास्त असल्याने आवेगाची भरपाई होते. नियम तेच, कोष्टक तेच, कोनमापकही तोच.

म्हणून शाळाशाळांतील विज्ञानशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की सुटीनंतर शाळा भरेल तेव्हा गतिनियमांच्या पाठासाठी एक सकाळ मैदानावर राखून ठेवावी, आणि बाटली सुटण्यापूर्वी ती किती उंच जाईल याचा अंदाज, त्यामागच्या हिशेबासह, प्रत्येक विद्यार्थ्याकडून वहीत लिहून घ्यावा.